पाळकीणबाईंचा गुरुवार

फोन वाजला तेव्हा तो ‘चिंता’ या शब्दाच्या अलीकडे ‘तीव्र’ ठेवावं की ‘गंभीर’, याचा विचार करत होता. पलीकडून एका बाईचा आवाज आला, शांत आणि थोडा ओशाळलेला. ती पोलीस ठाण्याची इन्स्पेक्टर होती. म्हणाली, “तुमच्या आई आमच्याकडे आहेत. तब्येत उत्तम आहे. फक्त त्या खुर्चीवरून उठत नाहीयेत.” कुठल्या खुर्चीवरून, असं त्याने विचारलं. एवढ्या मोठ्या बातमीतून आपल्याला नेमकी खुर्चीच कशी सापडली, याचं त्याला नंतर बराच वेळ नवल वाटत राहिलं. त्यांच्या स्वतःच्या, बाई म्हणाली. घडीची, निळ्या कापडाची. त्या उठेनात, आणि म्हाताऱ्या माणसाला हात कोण लावणार, म्हणून शिपायांनी त्यांना खुर्चीसकट उचलून गाडीत ठेवलं आणि तसंच ठाण्यात आणलं. त्याने येतो म्हणून सांगितलं, फोन ठेवला, ‘तीव्र’ लिहिलं, पेनाला टोपण लावलं, आणि मग दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरला.

सहा चर्चच्या एका संयुक्त परिषदेचा तो चिटणीस होता. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर परिषदेच्या दोन खोल्या होत्या, आणि सरकार एखादा कायदा आणणार असं कळलं की त्यावर चर्चचं म्हणणं काय ते लिहून काढायचं काम या दोन खोल्यांत चाले. फाशीची शिक्षा, अवयवदान, कारखान्यातल्या रात्रपाळ्या, नदीत सोडलं जाणारं पाणी, कैद्यांना मताचा हक्क असावा की नसावा, कशावरही. म्हणणं असायला कुणाची हरकत नसे. पण ते सहाही चर्चना मान्य होईल अशा शब्दांत बसवायचं म्हणजे सहा जणांच्या मापाचा एक सदरा शिवण्यासारखं होतं, आणि तो शिंपी हा होता. एकदा दुपारभर पेटलेलं भांडण त्याने एका स्वल्पविरामाने मिटवलं होतं. तेव्हापासून नव्या चर्चचे पास्टर, जे बैठकीतही बाह्या वर सरसावूनच बसत, त्याला ‘स्वल्पविराम’ म्हणत, आणि हळूहळू सगळेच म्हणायला लागले. त्याला ते आवडायचं. रात्री आडवं झाल्यावर कधीतरी आवडायचं नाही, पण ते क्वचित. सध्या टेबलावर जो कायदा होता तो परवान्याशिवाय देशात आलेल्या लोकांबद्दलचा होता. अशा लोकांना शहराच्या टोकाला, जुन्या गोदामांच्या मागे एका इमारतीत ठेवत. इमारतीचं नाव ‘तात्पुरतं निवासकेंद्र’, आणि आतली काही माणसं गेली कित्येक वर्षं तात्पुरती होती. नव्या कायद्याने त्यांना कितीही काळ ठेवता येणार होतं, आणि नातेवाइकांखेरीज कुणाला भेटता येणार नव्हतं. यावर आपल्याला चिंता वाटते असं लिहावं, असं जुन्या चर्चचे बिशप म्हणत होते. विरोध म्हटला की राजकारण झालं. चिंता माणसाला हवामानाची वाटते, इथे विरोधच लिहा, असं पास्टर म्हणत होते. विधिमंडळाची समिती म्हणणं ऐकून घेणार होती तो दिवस जवळ येत चालला होता, आणि तो त्या दोन शब्दांच्या मधला शब्द शोधत होता. असा एखादा शब्द भाषेत असणारच, अशी त्याची श्रद्धा होती. इतर काही बाबतींत त्याची श्रद्धा इतकी पक्की नव्हती.

ठाणं चालत जाण्यासारखं होतं, तरी तो पळाला. पळताना त्याला तिची पर्स आठवत होती. लहानपणी वडील वेदीशेजारच्या उंच मंचावरून उपदेश करायचे, तो आईला चिकटून पहिल्या बाकावर बसायचा, आणि उपदेश लांबला की आई मांडीवरच्या पर्सचा खटका उघडून बंद करायची. खट्. एवढासाच आवाज, पण वडिलांच्या कानापर्यंत पोहोचायचा, कारण पुढच्या दोन-तीन वाक्यांत ते प्रार्थनेकडे वळलेले असायचे. मंडळीत कुणाला कधी कळलं नाही. सगळे म्हणायचे, पाळकसाहेब किती नेमकं बोलतात. आणि आईला पाळकीणबाई म्हणायचे, वडील गेल्यानंतरही, आताही. जणू तो हुद्दा होता आणि त्यातून निवृत्ती नव्हती. वडील गेल्यावर ती त्याच्याकडे राहायला आली, आणि पुढे कधीतरी चर्चमधल्या तीन-चार बायकांबरोबर दर गुरुवारी कुठेतरी जायला लागली. कुठे, ते त्याला माहीत होतं. परिषदेच्या वार्षिक अहवालात ‘महिलांचे सेवाकार्य’ या मथळ्याखाली त्याने त्यावर एक ओळही लिहिली होती. पण घरी तिला कधी विचारलं नव्हतं की तू तिथे जाऊन करतेस काय. गुरुवारी संध्याकाळी ती जेवताना खुशीत असायची. बायकोच्या ते लक्षात आलं होतं. ती म्हणायची, आईंचा गुरुवार म्हणजे आपला रविवार. तो हसायचा आणि ताटातलं संपवायचा. रस्त्यात त्याला धाप लागली, आणि त्या धापेत त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं की शब्दाशब्दावरून आपण ज्या इमारतीबद्दल भांडण मिटवतोय, तिच्या आत आई किती वेळा जाऊन आलीय, आणि आपण तिचा दरवाजा कोणत्या रंगाचा आहे हेही सांगू शकणार नाही.

ठाण्याला नुकताच रंग दिलेला होता. त्या वासात, दोन लोखंडी कपाटांच्या मध्ये, आई तिच्या निळ्या खुर्चीत बसली होती. मांडीवर स्वेटर, पायांत उपासनेला जायचे बूट. तिचा चेहरा पाहून त्याला एकदम हायसं वाटलं आणि लगेच रागही आला, कारण ती अजिबात घाबरलेली नव्हती. वाढदिवसाला सगळे जमल्यावर दिसायची तशी दिसत होती. बाकीच्या बायका सही करून घरी गेल्या होत्या, तिच्या आग्रहावरूनच. एकीचा नवरा आजारी होता, एकीला नातवंडं सांभाळायची होती. इन्स्पेक्टर बाईंनी त्याला बाजूला घेऊन सगळं नीट सांगितलं. कायदा व्हायचा होता, पण निवासकेंद्र चालवणाऱ्या खात्याने आधीच हुकूम काढला होता: आजपासून फक्त नातेवाईक. दारावरच्या रखवालदाराने विचारलं, आतल्या बाईच्या तुम्ही कोण लागता. आईने सांगितलं, कोणी नाही. ‘मी तिची मावशी’ एवढं म्हणाल्या असत्या तरी त्याने सोडलं असतं, इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. तो बिचारा मान हलवून तसं सुचवतही होता. पण आजी म्हणाल्या, कोणी लागत नाही, मी गुरुवारची येते. आणि फाटकासमोर खुर्ची उघडून बसल्या. आता रहदारीला अडथळा असं कलम लागलंय. सही करायची, पुन्हा त्या फाटकापाशी जाणार नाही म्हणून, आणि घरी जायचं. बाईंनी आवाज आणखी खाली आणला. त्या गल्लीत रहदारी नसतेच, हे मलाही माहीत आहे, म्हणाल्या.

तो आईसमोर स्टूल घेऊन बसला. सही कर, असं त्याने तिला वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं. गुडघ्यांचं सांगितलं, गोळ्यांच्या वेळेचं सांगितलं. परिषद या प्रश्नात लक्ष घालतेय, योग्य ठिकाणी म्हणणं मांडलं जाणार आहे, हेही सांगितलं. हे शेवटचं सांगताना आपला आवाज बदलला हे त्याला ऐकू आलं. आईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की सही केली तर पुढच्या गुरुवारी जाता येणार नाही, मग कशाला करायची. यात तिला काही अवघड दिसत नव्हतं. त्याने विचारलं, हे असं सगळं तू कुणासाठी करतेस, त्या बाईसाठी? तिचं वाईट वाटतं म्हणून?

“वाईट वाटतंच,” आई म्हणाली. “पण त्यासाठी मी घरी बसून प्रार्थना केली असती. मला तिथे मजा येते.”

परिषदेच्या साऱ्या निवेदनांमध्ये, ज्यांच्या फायली आता दोन कपाटं भरून उरल्या होत्या, ‘मजा’ हा शब्द कुठेच नव्हता. करुणा होती, ऐक्य होतं, मानवी प्रतिष्ठा तर पानोपानी होती. गंमत म्हणजे हे सगळे शब्द त्याला खरे वाटत. नुसते वापरायचे म्हणून त्याने ते कधी वापरले नव्हते. एखादं वाक्य सहाही जणांना पटलं की त्याला छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं व्हायचं, आणि ते सुख त्याने इतकी वर्षं देवाच्या खात्यावर मांडलं होतं. आता नव्या रंगाच्या वासात त्याला शंका आली की ते सुख कदाचित भांडण मिटल्याचंच असेल, जसं लहानपणी आईवडिलांची धुसफूस थांबली की व्हायचं. ही शंका त्याला टोचली, पण फार नाही, कारण तेवढ्यात जुन्या चर्चचे बिशप आत आले.

त्यांना कुणी कळवलं ते त्याला शेवटपर्यंत समजलं नाही. बिशप उंच, सडपातळ, आणि इतके सभ्य की त्यांच्यासमोर शिंकायचीही चोरी. धर्मशिक्षण घेत असताना ते तीन वर्षं त्याच्या आईवडिलांच्या घरी जेवले होते, आणि आई त्यांना अजूनही एकेरीत बोलवायची. जगात तसं करणारी बहुधा ती एकटीच उरली होती. ते तिच्यासमोर वाकून उभे राहिले. आई म्हणाली, तू उभा का, बस की. दुसरी खुर्ची नव्हती, म्हणून बिशप कपाटाशेजारच्या बाकावर, पकडून आणलेल्या दोन पाकीटमारांच्या मध्ये बसले. त्या दोघांनी अंग चोरून त्यांना जागा दिली. थोड्या वेळाने बाह्या सरसावलेले पास्टर आले. त्यांनी दारातूनच मोठ्या आवाजात बोलायला सुरुवात केली, आणि बिशपना त्या बाकावर बघून वाक्य अर्धवट सोडलं. बिशप इन्स्पेक्टर बाईंना अतिशय नम्रपणे विचारत होते की मलाही अशी सही करावी लागेल का. बाई म्हणाल्या, तुम्हाला अटक झालेली नाही. बिशपनी मान डोलावली आणि विचारलं की त्यासाठी साधारण काय करावं लागतं. बाईंनी त्यांच्याकडे, मग आईकडे, मग छताकडे बघितलं, आणि चहा सांगितला.

चहा पिताना बिशप त्याला म्हणाले, “स्वल्पविराम, लिहून घ्या. आमचा विरोध आहे. पुढे काही जोडू नका.” पास्टरांना कशाशी भांडावं ते कळेना. आणि त्याने खिशातून पेन काढलं, तर त्याच्या हाताने आपण होऊन लिहिलं: ‘आमचा तत्त्वतः विरोध आहे.’ तो शब्द तिथे कसा आला? कुणी सांगितला नव्हता. तो कागदाकडे बघत बसला. सहा जणांना सांभाळायला म्हणून आपण शब्द मऊ करतो, असं तो इतके दिवस समजत होता. आता पाहतो तर भांडणारे दोघेही राजी होते आणि मऊपणा त्याच्या स्वतःच्या मनगटात होता. त्याला हसू फुटलं. आधी नाकातून, मग मोठ्याने. आईने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्याने कागद तिच्यापुढे धरला. तिने चष्मा वर करून वाचला आणि म्हणाली, तत्त्वतः म्हणजे काय, नाही की आहे? त्याने तो शब्द खोडला. त्या तीन अक्षरांवर रेघ ओढताना त्याला जे वाटलं, ते त्याला घरी बायकोलाही नीट सांगता आलं नाही. बूट काढल्यावर पायांना वाटतं तसं काहीसं, एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी इन्स्पेक्टर बाईंनी आईला सोडलं, सही न घेता. त्यांनी आपल्या अहवालात जे खरं ते लिहिलं, की सदर गल्लीत वाहन आढळले नाही, त्यामुळे अडथळा कशाला झाला ते सांगता येत नाही. वरून त्यांना दोन फोन आले, पण त्यांनी ओळ बदलली नाही. खात्याचा हुकूम मात्र तसाच राहिला. पुढचे गुरुवार आई घरात येरझाऱ्या घालायची, आणि त्या दिवशी तिच्या वाटेला कुणी जायचं नाही.

समितीपुढे जायचा दिवस आला तेव्हा त्याच्या हातातलं निवेदन एका पानाचं होतं. ते त्याने सरळ वाचलं. लांब मेजापलीकडे बसलेल्या अध्यक्षांनी, जे कंटाळलेले होते पण वाईट नव्हते, विचारलं की चर्चने देवाधर्माचं बघावं; या बायकांचं त्या इमारतीत नेमकं काम काय? याचं उत्तर त्याने तयार केलं होतं. त्यात धर्मग्रंथातलं एक वचन होतं, आंतरराष्ट्रीय करारातलं एक कलम होतं, आणि दोन्ही एकमेकांत छान गुंफलेली होती. तो उठला आणि म्हणाला, “माझ्या आईला तिथे मजा येते.” खोलीत हसू पसरलं, आणि ते वाईट हसू नव्हतं. मग अध्यक्षांनी विचारलं, मजा म्हणजे कसली? त्याला कान गरम झाल्याचं जाणवलं. मला माहीत नाही, तो म्हणाला, मी आत कधी गेलेलो नाही. मग न ठरवता पुढे म्हणाला, आपणही कुणी गेला नसाल. कागद सरकल्याचे आवाज आले. अध्यक्षांनी शेजारच्या सदस्याच्या कानात काहीतरी विचारलं आणि त्या सदस्याने नकारार्थी मान हलवली.

समिती निवासकेंद्र बघायला गेली. नंतर बऱ्याच घासाघिशीनंतर ‘फक्त नातेवाईक’ हे कलम गळलं, आणि खात्यालाही हुकूम मागे घ्यावा लागला. किती काळ ठेवायचं हा प्रश्न पुढच्या अधिवेशनावर गेला. म्हणजे त्यावर अजून भांडायचंच होतं, आणि पास्टरांनी त्यासाठी बाह्या आधीच वर केलेल्या होत्या. बिशपना त्यांच्या चर्चमधून थोडी नाराजी ऐकून घ्यावी लागली. ती त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतली.

दार हिरवं होतं. पहिल्याच मोकळ्या गुरुवारी तो आईबरोबर गेला, आणि रांगेत उभा असताना त्याला परीक्षेला आल्यासारखं वाटत होतं. आपण काय बोलणार? सहानुभूतीचं प्रत्येक वाक्य त्याला आधीच कुठेतरी लिहिलेलं आठवत होतं. भेटीच्या खोलीत पिवळी बाकं होती, उंचावर खिडकी होती, दाराशी एक जाडजूड रखवालदार होता. आतून एक तिशीची बाई आली, केस घट्ट बांधलेली, आईला बघताच दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि इतके गुरुवार कुठे होतात म्हणून रागावली. ती इथली भाषा या इमारतीतच शिकली होती. भिंतीवरच्या सूचना, वकिलांचे कागद आणि रखवालदारांचं बोलणं यांतून. त्यामुळे ती बोलायला लागली तेव्हा त्याला आपलंच एखादं निवेदन माणूस होऊन समोर बसल्यासारखं वाटलं. दर गुरुवारी ती आईला तिच्या दूरदेशीच्या मावशीची हकीकत सांगायची, आणि आई त्यासाठीच यायची. “सदर मावशी,” ती म्हणाली, “घड्याळजीशी विवाह करण्यास इच्छुक नव्हती. तथापि त्याची मिशी तिला मान्य होती.” आईने मांडीवर थाप मारली. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडताना त्याचा हात थांबला. मावशीने घड्याळजीला तीन वेळा नकार ‘कळवला’ होता, चौथ्यांदा त्याने मिशी ‘तात्काळ प्रभावाने’ काढून टाकली, आणि मावशी त्याला रस्त्यात ओळखू शकली नाही. तो हसता हसता पाणी प्यायला आणि त्याला ठसका लागला. आईने त्याच्या पाठीवर थोपटलं.

मग त्या बाईने हात झटकले. मी पुष्कळ सांगितलं, ती म्हणाली, यापुढे आपण सांगावे. आणि त्याच्याकडे बघत बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं, झोपेविना माणसाला येतं तसं, आणि तरी तिचं बघणं अधीर होतं, जत्रेत पाळणा सुरू व्हायची वाट बघणाऱ्या माणसासारखं. त्याला परिषदेच्या कपाटांतल्या फायली आठवल्या. त्यांत सांगण्यासारखं काही नव्हतं. मग कुठूनसं त्याच्या तोंडून निघालं, “माझी एक आत्या होती.” आईने चमकून त्याच्याकडे पाहिलं. आत्या चर्चमध्ये पेटी वाजवायची, तो सांगू लागला, मंडळीकडे पाठ करून. तिला कमी ऐकू यायचं आणि ते ती कबूल करायची नाही. एका रविवारी शेवटचं गीत संपलं, तरी ती वाजवत राहिली. आता ती वाजवतेय म्हटल्यावर लोकांनी शेवटचं कडवं पुन्हा म्हटलं. लोक म्हणतायत हे तिने कडेच्या काचेत बघितलं, म्हणून तिने पुन्हा वाजवलं. ती वाजवते म्हणून लोक गात होते, आणि लोक गातात म्हणून ती वाजवत होती, आणि कुणालाच कुणाला दुखवायचं नव्हतं. वडील मंचावर हात उचलून उभे होते, आशीर्वाद द्यायला, आणि ते हात हळूहळू खाली यायला लागले. बाई खदखदून हसायला लागली, डोक्यावरचा घट्ट बांधलेला अंबाडा सुटेपर्यंत. तिच्या हसण्याने त्याला आणखी आठवत गेलं: पुढच्या बाकावरचे घसा बसलेले आजोबा, टाचा उंचावून घड्याळ बघणाऱ्या बायका, मागच्या दाराने निसटलेला एक दंतवैद्य. कितव्या कडव्यापाशी आहोत ते त्याचं त्यालाच कळेना. दाराशी उभा असलेला रखवालदार, जो मघापासून भिंतीकडे बघत असल्याचं दाखवत होता, दोन पावलं पुढे आला.

“मग थांबलं कसं ते?” रखवालदाराने विचारलं.

तो उत्तर द्यायला गेला, आणि त्याच्या लक्षात आलं की ते त्याला आठवत नाही.

“याला काय विचारता, हा माझ्या मांडीवर झोपला होता,” आई म्हणाली. तिने स्वेटरच्या बाह्या मागे सारल्या, रखवालदाराला बाकावर जागा करून दिली, आणि सांगायला सुरुवात केली.